मालवण-वेंगुर्ल्याची सुटी भरती-ओहोटीवर कशी बांधायची

तळकोकणात चार-पाच दिवस काढायचे ठरले की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करतात: सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबागचा संगम, त्सुनामी बेट, निवती, वेंगुर्ला. यादीत चूक काहीच नसते, गडबड होते ती क्रमात. होडी करून त्सुनामी बेटावर जावं तर तिथे गुडघाभर पाणी. मुलांना खडकातले खेकडे दाखवायला न्यावं तर लाटा खडकांवर फुटतायत. स्कूबा करायला उतरावं तर पाणी गढूळ आणि समोरचा हात दिसेना. या तिन्हींचं कारण एकच, पाण्याची वेळ न बघता घरून निघणं. म्हणून सुटीच्या तारखा ठरवतानाच कालनिर्णय उघडा आणि तारखेशेजारची तिथी बघा.

तिथीवरून पाण्याची वेळ

पौर्णिमा आणि अमावास्येला मालवणला पूर्ण भरती सकाळी आणि रात्री अकराच्या आसपास येते. पूर्ण ओहोटी, म्हणजे इथल्या बोलीतली सुकती, पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला असते. पुढे रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. द्वितीयेला सुकती सकाळी साडेसहाच्या सुमाराला, चतुर्थीला आठच्या, तर अष्टमीला साडेअकराच्या आसपास. हा अंदाज अर्ध्या तासाने इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे आदल्या रात्री मोबाइलवर मालवण किंवा वेंगुर्ल्याचा भरती-तक्ता बघून घ्यावा. हाताशी फक्त मुंबईचा तक्ता असेल तर मालवणसाठी पाऊण ते एक तास आधीची वेळ धरा. उंचीचे आकडे मात्र मुंबईचे धरू नका. उधाणाला मुंबईत पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं, मालवणला दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास. दिवसाच्या दोन सुकत्याही सारख्या नसतात. एकीला पाणी जास्त खाली जातं, दुसरीला कमी, म्हणून वेळेबरोबर उंचीही वाचा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. चढउतार थोडा, ओढ कमी, आणि तळाची वाळू फारशी ढवळली न गेल्याने पाणी जास्त नितळ. सगळं नियोजन यातूनच निघतं. खडक, वाळूचे दांडे, ओल्या वाळूवरची लांब चाल हे उधाणाच्या दिवसांत करावं. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा भांगाच्या दिवसांत.

तारखा निवडायची मोकळीक असेल तर द्वितीयेला पोहोचा आणि अष्टमीच्या सुमाराला निघा. पहिले दोन-तीन दिवस सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान, ऊन चढायच्या आत, खोल सुकती मिळते. शेवटच्या दिवसांत पाणी निवळतं आणि स्कूबासाठी बरं होतं. शनिवार-रविवारच मिळत असेल तर त्या दिवशीची तिथी बघून जमेल तेवढंच करा. अष्टमीच्या रविवारी खडकांवर जायचा हट्ट धरून काही हाती लागत नाही.

कोणत्या महिन्यात जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी, समुद्र शांत, आणि पाण्याखालचं दिसायला डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दिवाळीची सुटी आणि नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळता आला तर टाळाच. देवबागच्या एकेरी रस्त्यावर त्या दिवसांत गाड्या तासभर अडकतात आणि किल्ल्याच्या होडीला लांब रांग लागते. मार्च ते मे आंबा, काजू, फणस आणि करवंदांचे महिने, पण अकरा ते चार या वेळेत बाहेर फिरणं अंगावर येतं. त्या दिवसांत सकाळ समुद्राची, दुपार झोपेची आणि संध्याकाळ गावाची अशी वाटणी करावी.

मेच्या शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. पाऊस आलेला नसतो, पण समुद्र फिरायला लागलेला असतो. मे २०२२च्या अखेरीस तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोन जणांचा जीव गेला. जिल्ह्यातली जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ताज्या समुद्री मासळीची आशाही त्या दोन महिन्यांत धरू नये. पावसात यायचं असेल तर समुद्र लांबून बघायचा आणि आंबोलीचा घाट, भातलावणी, खाडीची मासळी यांसाठी यायचं हे मनाशी पक्कं करून या. ते दिवसही सुरेख असतात.

यायचं कसं, राहायचं कुठे

रेल्वेने येणं सोयीचं. मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली, वेंगुर्ला-शिरोड्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणकन्या, तुतारी, जनशताब्दी या गाड्या सुटीच्या दिवसांत पहिल्याच सकाळी भरतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्या सावकाश चालतात, त्यामुळे पुढची एसटी किंवा विमान घट्ट बांधून ठेवू नका. परुळ्याजवळच्या चिपी विमानतळावरून ऑक्टोबर २०२१पासून विमानं सुरू झाली, पण फेऱ्या कमीजास्त होत राहतात. गोव्यातला मोपा विमानतळ हा दुसरा पर्याय असतो आणि तिथून सावंतवाडी तासाभराच्या आत येते.

कुडाळ-मालवण एसटीने साधारण तासाभराचा रस्ता. मालवणहून तारकर्ली-देवबागला एसटी आहे, पण संध्याकाळनंतर फेऱ्या विरळ होतात. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा, परतीचं धरून की एकेरी तेही विचारा. स्वतःची गाडी नसेल तर भाड्याची स्कूटर सगळ्यात उपयोगी, फक्त ब्रेक आणि हेडलाइट दोन्ही तपासून घ्या. इथल्या रस्त्यांना रात्री दिवे नसतात आणि वळणावर जांभ्याच्या गडग्याआडून, म्हणजे दगडी कुंपणाआडून, गुरं येतात.

मुक्काम एकाच जागी ठेवू नका. पाच रात्री असतील तर तीन मालवणच्या बाजूला आणि दोन वेंगुर्ल्याच्या बाजूला. या दोन टोकांमध्ये चिपी-परुळ्यावरून सव्वा ते दीड तास जातो. रोज ये-जा केली तर सुटी रस्त्यातच संपते. मालवण गावात राहिलात तर बाजार, मासळीचा लिलाव आणि एसटी चालत्या अंतरावर. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, काही ठिकाणी दोन्ही पाणी पाच मिनिटांच्या चालीवर. होडीच्या फेऱ्यांसाठी ती जागा उत्तम, पण रस्ता एकच. शांतता हवी असेल तर नदीपलीकडचं भोगवे किंवा निवती घ्या. तिथे दुकानं कमी आहेत, औषधं आणि रोख पैसे बरोबर ठेवावे लागतात.

घरगुती निवासात खोली ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या: जेवण घरचं आहे का, गरम पाणी कोणत्या वेळेला मिळतं, आणि "समुद्राजवळ" म्हणजे चालत किती मिनिटं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून बरेचदा खोली बदलावी लागते.

सुकतीच्या सकाळी

मालवणच्या दांडी किनाऱ्यापासून सुरुवात करा. जवळच मोरयाचा धोंडा आहे, खडकावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले. सिंधुदुर्गच्या पायाभरणीची पूजा २५ नोव्हेंबर १६६४ रोजी इथे झाली. किल्ल्यावर जायच्या आधी ही जागा बघितली तर समोरचं कुरटे बेट आणि त्यावरचं बांधकाम यांचा अंदाज नीट येतो. उधाणाच्या सुकतीला दांडीवरून पद्मगड या छोट्या किल्ल्याकडे वाळूचा दांडा उघडा पडतो आणि चालत जाता येतं. सुकतीच्या वेळेआधी तासभर निघा, आणि सुकतीची वेळ होऊन अर्धा तास झाला की मागे वळा. पाणी परत फिरल्याचं लगेच कळत नाही. दांड्याच्या मधल्या सखल भागात ते आधी भरतं आणि माणूस पलीकडेच राहतो. लहान मुलं बरोबर असतील तर गावातला कोणी माहीतगार घेऊनच जा.

खडकांवरच्या डबक्यांसाठी मालवणचं रॉक गार्डन आणि निवतीच्या बाजूचे खडक चांगले. रबरी तळव्याच्या, मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात. हवाई चपल निसटते, आणि अनवाणी गेलात तर खडकाला चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. हिरवं शेवाळ दिसेल तिथे पाय टाकू नका, काळा खरखरीत खडक धरून चाला. डबक्यापाशी आल्याआल्या वाकून बघितलं तर सावली पडते आणि सगळं लपतं. उन्हाच्या समोर बसा आणि दोन मिनिटं हलू नका. मग शिंपल्यात घर करून राहणारे खेकडे चालायला लागतात, झिंगे बाहेर येतात, समुद्रफुलांच्या मिशा उघडतात. उचललेला दगड होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला जीव राहत असतात. निमुळते, शंकूसारखे, नक्षीदार शंख हातात घेऊ नका. त्यातल्या जिवंत गोगलगाईचा डंख विषारी असतो.

उधाणाच्या संध्याकाळी पाचची सुकती मिळते. ती तारकर्लीच्या ओल्या वाळूवर चालायला ठेवा. गाडी मात्र वाळूत उतरवू नका. भरतीने आणून टाकलेल्या काटक्या, शेवाळ, शिंपले यांची एक रेघ किनाऱ्यावर दिसते, पाणी शेवटी तिथवर येतं. त्या रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला रुतलेली गाडी पुढच्या भरतीत बुडते, आणि असं दर मोसमात होतं.

किल्ला

सिंधुदुर्ग १६६७ साली बांधून झाला. क्षेत्र ४८ एकर, भोवती सुमारे तीन किलोमीटरची तटबंदी आणि ४२ बुरूज. पायाच्या दगडांत शिसं ओतून ते बसवले. होडीने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता, पण अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. उतरण्याआधी क्षणभर मागे सरकून तो शोधून बघा. ते बांधकाम किती विचाराने केलंय ते तिथेच कळतं.

होडीवाले परतीसाठी साधारण तासभर देतात आणि तासात किल्ला बघून होत नाही. तिकीट काढतानाच दोन तास हवेत असं सांगा आणि दुसऱ्या फेरीत परत यायला चालेल का ते विचारा. आत शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना विहिरी गोड का? पावसाचं पाणी खडकाच्या फटींतून मुरतं आणि हलकं असल्याने आतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. सकाळी पहिल्या-दुसऱ्या फेरीने जा, टोपी आणि माणशी एक लिटर पाणी घ्या. तटावरून पूर्ण फेरी मारायची असेल तर बूट घाला. किल्ल्यावर अजून कुटुंबं राहतात, कुणाच्या अंगणातून वाट काढताना विचारून जा.

पाण्याखाली

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे आणि १९८७पासून २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य आहे. ज्यांना पोहता येत नाही त्यांनाही इथे प्रशिक्षकाबरोबर खाली नेतात, वीस-तीस फुटांपर्यंत. ठरवण्याआधी विचारायचं ते एवढंच: एका पर्यटकामागे एक प्रशिक्षक आहे का, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, आणि बोटीत माणसं किती बसवणार. "अर्धा तास" म्हणतात त्यात बऱ्याचदा उथळ पाण्यातलं शिकवणं धरलेलं असतं. बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट आपल्या मापाचं घ्या आणि पट्टे आवळा. जॅकेट मांडीवर ठेवून बसू देणारी किंवा जागेपेक्षा जास्त माणसं चढवणारी बोट सरळ सोडून द्या.

आदल्या रात्री दारू नको. सकाळी हलकं खाऊन दोन तास जाऊ द्या. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्या, बोटीत बसल्यावर घेतली तर उशीर होतो. सर्दी, सायनस, कानाचं दुखणं, दमा, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर उतरू नका, आणि अर्जात ते लपवू नका. सर्दी असताना कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते.

खाली जाताना दर तीन-चार फुटांवर नाक चिमटीत धरून हलकेच फुंका, म्हणजे कान मोकळा होतो. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग होत नाही, थोडं वर येऊन परत करावं लागतं. श्वास तोंडाने, सावकाश, आणि कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसातली हवा फुगते, या खेळातला सगळ्यात मोठा धोका तोच आहे. खुणा नीट पाठ करा. अंगठा वर दाखवला की "छान" असं आपल्याला वाटतं, पाण्याखाली त्याचा अर्थ "मला वर न्या" असा होतो. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. मासे जवळ यावेत म्हणून ब्रेड टाकायला मागू नका, प्रवाळाला हात किंवा पाय लावू नका. तुटलेला तुकडा परत वाढायला वर्षं लागतात.

स्कूबानंतर किमान १८ तास विमान नको. त्याच दिवशी आंबोली, फोंडा किंवा गगनबावडा घाट चढून कोल्हापूरकडे निघणंही टाळा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, आणि शरीरात विरघळलेला वायू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून स्कूबा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ठेवा, शेवटच्या दिवशी नको.

नदी, संगम आणि डॉल्फिन

देवबाग किंवा तारकर्लीहून होडी करून संगम, भोगवे, निवती आणि डॉल्फिन अशी फेरी मारतात. सकाळी सातला निघा. जमीन तापली की अकरानंतर समुद्रावरून वारा उठतो, पाण्यावर पांढऱ्या शेंड्या येतात आणि डॉल्फिनची पाठ दिसेनाशी होते. होडीवाल्याला कळपाच्या आडवं जायला किंवा पाठलाग करायला सांगू नका. इंजिन मंद करून थांबलं की ते स्वतःच जवळून जातात. त्सुनामी बेट हा कर्लीच्या मुखातला वाळूचा दांडा आहे, भरतीला त्याच्यावर पाणी असतं. ते बघायचं असेल तर फेरीची वेळ सुकतीशी जुळवा.

संगमावर पोहायला उतरू नका. नदीने कापलेला तळ दोन पावलांत खोल होतो, आणि पाणी उतरताना नदी आणि ओहोटी दोन्ही मिळून समुद्राकडे ओढतात. खुल्या किनाऱ्यावरही एक खूण ओळखायला शिका. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधे एक पट्टा शांत, गडद दिसतोय, तर ती सुरक्षित जागा समजू नका. लाटांनी आणलेलं पाणी तिथूनच परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरकून पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटेबरोबर या. कमरेइतक्या पाण्याच्या पुढे जाऊ नये, आणि अंधार पडल्यावर मुळीच नाही.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या, बगळे उडून जात नाहीत, आणि वल्हवणाऱ्या बायका झाडाझाडातला फरक सांगतात. इथे वेळ उलटी, भरतीची हवी. सुकतीला चिखल राहतो आणि होडी मुळांमध्ये शिरत नाही. आधी फोन करून दिवस आणि वेळ ठरवून घ्या.

रापण आणि जेवण

सकाळी किंवा दुपारनंतर किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दोर ओढताना दिसल्या तर थांबा, ती रापण. होडी जाळं अर्धवर्तुळात टाकून येते आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. तास-दीड तास जातो. ओढू लागायचं असेल तर आधी विचारा, दोराच्या आतल्या बाजूला उभे राहू नका, हाताला दोर गुंडाळू नका. जाळं वाळूवर आलं की पुढे धावू नये. त्यात शेंगाळे आणि वागळ्या हे काटेवाले मासेही असतात, त्यांचा काटा पायात गेला तर भयंकर ठणकतो. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, ठणका उतरतो, आणि मग दवाखाना गाठा.

घरगुती निवासात जेवण आदल्या रात्री सांगा, फार तर सकाळी नऊपर्यंत. वहिनी किंवा काकी बाजारात जाऊन मासळी बघूनच घेतात, दुपारी बारा वाजता "सुरमई मिळेल का" विचारलं तर बर्फातली मिळते. सुरमई-पापलेट सगळीकडे मिळतं, इथे आलात तर आज काय चांगलं आलंय ते विचारून सौंदाळे, मुडदुशे, कर्ली, तिसऱ्या खा. बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीत तिरफळाचं टरफल चोखायचं आणि बाजूला काढायचं, चावायचं नाही. स्वतः मासळी घेणार असाल तर डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं की खळगा लगेच भरून येणारी घ्या.

शिरवळे मात्र एक दिवस आधी सांगावे लागतात. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच लाकडी शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबून काढावे लागतात, निवले की दांडा हलत नाही, म्हणून दोन माणसं लागतात. पांढऱ्याशुभ्र शेवया गूळ-वेलचीच्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. असं काम घरच्यांकडून करून घेताना त्याचे वेगळे पैसे विचारून द्या.

समुद्रापासून दूर एक दिवस

एक दिवस आत जा. धामापूरचा तलाव आणि भगवतीचं मंदिर, पुढे वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर, मग कुडाळजवळचं पिंगुळी. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ची पद्मश्री मिळाली. प्रयोग बघायचा असेल तर आधी कळवून जा, अचानक गेल्यास फक्त वस्तू बघून परतावं लागतं. संध्याकाळी सावंतवाडीत मोती तलाव, चितार आळीतली लाकडी खेळणी, राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा असतो.

दक्षिणेकडे निघालात तर आरवलीचा वेतोबा, ज्याला केळीचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा आणि रेडीचा गणपती एका दिवसात होतात. थंडीत आलात तर कोणत्या गावात जत्रा आहे ते यजमानांना विचारा. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा लागतात आणि देवळासमोर रात्री उशिरा दशावतार हा लोकनाट्याचा खेळ उभा राहतो. तिकीट नाही, लिहिलेली संहिता नाही, पखवाज, पायपेटी आणि झांजेवर पहाटेपर्यंत चालतो. दुपारी झोप काढा, चादर आणि बसायला काहीतरी न्या, फ्लॅश मारू नका. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती आणि संकासुर येतात, तेव्हापासून बसलात तर पुढचं आख्यान लागतं.

फेब्रुवारी ते एप्रिल वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. पिल्लं कधी बाहेर येतील हे घरट्यावर अवलंबून असतं. अंडी घातल्यापासून दीड ते दोन महिने. त्यामुळे खास त्यासाठी एकच दिवस ठेवू नका, जवळ मुक्काम ठेवून सकाळ-संध्याकाळ चौकशी करा. दोरीच्या मागे उभे राहा आणि पिल्लांना हात लावू नका.

बरोबर ठेवायच्या आणि सांभाळायच्या गोष्टी

टॉर्च हवाच. कातळावर आणि गडग्यांच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो. रात्री अनवाणी चालू नका आणि दगडाखाली हात घालू नका. साप चावल्यास जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळणं यातलं काही करायचं नाही. अंग न हलवता १०८ला फोन करून जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे. जेलीफिशचा डंख लागला तर गोड्या पाण्याने धुवू नका, चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवून तंतू चिमट्याने काढा. खोल खाड्यांच्या बाजूला नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा आणि रोख पैसे जवळ ठेवा.

परतताना आमसुलं दाबून बघा. मऊ, चिकट, गडद जांभळी असतील तर नवी, कडक झालेली जुनी. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घेताना त्यात साखर नाही ना ते वाचा, साखर असेल तर ते सरबताचं कोकम आणि सोलकढीला चालत नाही. बाटलीच्या झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून बाटली पिशवीत उभीच ठेवा, नाहीतर गाडीत सगळे कपडे लाल होतात. मे महिन्यात हापूस नेणार असाल तर तयार पण कच्चा घ्या, पेटीत पेंढा घालून देठ वर ठेवा. घरी गेल्यावर पेटी उघडून आंबे एका थरात पसरा, आणि पुढे रोज एकदा बघून पिकलेला तेवढा बाजूला काढा.